पाणी चाललंय ना

प्लंबरने शॉवरचं तोंड काढलं, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले, पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं गेज काढून तिथे फिरवून घट्ट बसवलं आणि शॉवरचा कॉक उघडला. आत बारीकसं हिस्स झालं, काटा थरथरत वर चढला आणि सव्वा किलोच्या जरासा अलीकडे जाऊन थांबला. "बघा ताई, प्रेशर फुल आहे." आता ह्याच शॉवरखाली रोज उभं राहिलं की पाणी अंगावर पडायच्या ऐवजी बुडाशी जमून एका कडेने ओघळायचं, केसातला शाम्पू निघता निघायचा नाही, आणि काटा म्हणतोय सगळं फुल आहे. मी काही न बोलता शेजारच्या बेसिनचा नळ पूर्ण सोडला. काटा पडला, हळूहळू वगैरे नाही, धप्पकन, अर्ध्या किलोपाशी. नळ बंद केला, परत वर. सोडला, परत खाली. "आणि हे काय मग?" म्हटलं. तो टेप खिशात टाकता टाकता म्हणाला, "ते पडणारच की. पाणी चाललंय ना."

एवढं बोलून तो गेला आणि ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण तो खोटं बोलत नव्हता. पहिलं रीडिंगही खरं होतं, दुसरंही खरं होतं, आणि त्याच्या दृष्टीने दोन्हीत भांडण नव्हतंच. पण मला ते "पडणारच" पचेना. का पडणार? टाकी तेवढ्याच उंचीवर आहे, पाणी तेच, पाईप तोच. मधल्या मध्ये जवळपास पाऊण किलो, म्हणजे सात मीटर उंच पाण्याएवढं प्रेशर गेलं कुठे?

बंद नळावरचं प्रेशर समजायला सोपं असतं, म्हणून सगळे तेच मोजतात. वरच्या टाकीतली पाण्याची पातळी आणि गेज यांच्यात जेवढी उभी उंची, तेवढं प्रेशर, बस. दहा मीटर उंची म्हणजे जवळपास एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. माझ्याकडे बारा मीटर, म्हणून सव्वा किलोच्या जरा अलीकडे. पाईप जाड की बारीक, सरळ की सतरा वळणांचा, यातलं काहीही त्या आकड्यात येत नाही. बाबांचं ठाम मत होतं की टाकी लहान आहे म्हणून होतंय, मोठी बसव. हे मत फार लोकांचं असतं आणि ते मनाला पटतंही, एवढं पाणी वर बसलंय म्हणजे खाली दाबणारच की. पण नाही. सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्ये लिहून ठेवलंय आणि पुढे पास्कलने तेच आणखी ठसठशीत करून दाखवलं की तळावरचा दाब पाणी किती आहे यावर ठरत नाही, ते किती उंच उभं आहे यावर ठरतो. हजार लिटरची टाकी असो नाहीतर तेवढ्याच उंचीवर पाणी भरलेली करंगळीएवढी नळी असो, खालच्या बंद नळाला दोन्हीत फरक कळत नाही. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "असेल, पण टाकी मोठीच बरी." त्यावर काय बोलणार, पाणी गेल्या दिवशी मोठीच बरी असते हेही खरंय.

पण मुद्दा असा की बंद नळावर गेज लावणं म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाला गुडघे दुखतात का विचारणं. दुखत नाहीत म्हणेल तो. त्याला जिने चढायला लावा आणि मग विचारा.

चालत्या पाण्याचं प्रेशर डोळ्यासमोर आणायचं तर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं चित्र उभ्या नळ्यांचं आहे. आपल्या आडव्या पाईपला दर मीटरवर एक भोक पाडून त्यात वरून उघडी अशी काचेची उभी नळी बसवलीय असं धरा. हे काही माझं डोकं नाही, डॅनिएल बर्नूलीने अठराव्या शतकात पाईपच्या भिंतीत काचेची नळी घालून आतलं पाणी किती वर चढतं ते बघितलं होतं, आणि तो शिकलेला डॉक्टर असल्यामुळे त्याला हे पाईपसारखंच रक्तवाहिन्यांनाही लागू पडतं हे दिसत होतं. त्याचं हायड्रोडायनॅमिका हे पुस्तक १७३८ मध्ये आलं. तर नळ बंद असताना या सगळ्या नळ्यांमधलं पाणी एकाच पातळीला उभं असतं, बरोब्बर टाकीतल्या पातळीला, पहिल्या नळीतही आणि शेवटच्या नळीतही. एक सरळ आडवी रेघ. आता शेवटचा नळ सोडा. टाकीजवळच्या नळीतलं पाणी किंचित उतरतं, पुढच्या नळीत आणखी थोडं, त्याच्या पुढच्या नळीत आणखी, आणि ती आडवी रेघ एका बाजूने कलते. इंजिनिअर लोक तिला हायड्रॉलिक ग्रेड लाईन म्हणतात. पाईप जिथे बारीक आहे तिथे ती जास्त उतरती होते, जाड पाईपमध्ये जवळजवळ सपाट राहते, आणि मध्ये एखादा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह असेल तर तिथे एकदम पायरी पडते, अलीकडच्या नळीत पाणी इथे आणि पलीकडच्या नळीत हातभर खाली. म्हणजे नळ बंद असताना पाईप स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही आणि नळ सोडला की स्वतःचा सगळा इतिहास सांगायला लागतो, कुठे गंज आहे, कुठे कोणी स्वस्तातला रिड्यूसर, म्हणजे पाईप बारीक करणारा जोड टाकलाय, कुठला कॉक अर्धाच फिरतोय.

आणि नळ थोडा सोडला तर थोडी कललेली, पूर्ण सोडला तर खूप कललेली. म्हणजे "माझ्या घरचं प्रेशर किती" या प्रश्नाला एक उत्तरच नाही. किती पाणी चालू असताना, हे आधी विचारायला पाहिजे.

इथे शाळेतलं आठवून एक गडबड व्हायची शक्यता असते. बर्नूली म्हटला की वेग वाढला की दाब कमी होतो, म्हणजे पाणी चालायला लागलं, वेग आला, म्हणून दाब पडला, झालं उत्तर. मीही आधी तसंच धरलं होतं आणि मग आकडे मांडून बघितले. घरातल्या पाईपमध्ये पाणी साधारण सेकंदाला एक ते दोन मीटर वेगाने चालतं. एक मीटर वेगासाठी बर्नूलीच्या हिशोबाने जे प्रेशर खर्च होतं ते फक्त पाच सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढं. दोन मीटर वेगाला वीस सेंटिमीटर. आणि माझे तर सात मीटर गेले होते. वेग हा त्यातला किरकोळ खर्च. बाकी सगळं घर्षणात.

घर्षण म्हटलं की आपल्याला वाटतं पाणी पाईपच्या भिंतीला घासत जातं. तसं नसतं गंमत म्हणजे. भिंतीला अगदी टेकलेला पाण्याचा थर हलतच नाही. नळ कितीही जोरात सोडा, पाईपच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी जागचं ढळत नाही, त्याच्या शेजारचं थोडं सरकतं, त्याच्या आतलं आणखी जोरात, आणि मधोमध सगळ्यात वेगात. पाणी पाण्यालाच अडवत असतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मँचेस्टरला १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची एक बारीक रेघ सोडून बघितली. हळू वाहत्या पाण्यात ती रेघ शेवटपर्यंत सरळ राहिली, आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला तशी ती थरथरली, फुटली आणि सगळ्या पाण्यात मिसळून गेली. आपल्या घरातलं चालतं पाणी जवळजवळ कायम या दुसऱ्या प्रकारातलं असतं, आतल्या आत घुसळत चाललेलं. आणि या घुसळणाऱ्या पाण्याचा हिशोब वाईट असतो, पाणी दुप्पट पाहिजे तर प्रेशर दुप्पट नाही, जवळजवळ चौपट खर्च होतं. भिंतीला कान लावून ऐकलं तर जी सरसर ऐकू येते ना पाईपमधून, ती बरीचशी या घुसळणीचीच. जाऊन जाऊन ते प्रेशर शेवटी उष्णता होऊन पाण्यातच राहतं. जूलने १८४० च्या दशकात बंद भांड्यातलं पाणी वल्ह्यांनी घुसळून ते किती तापतं हे मोजलं होतं, तोच प्रकार. फक्त इथे तापमान किती वाढतं तर बारा मीटरचं सगळंच्या सगळं प्रेशर खर्ची पडलं तरी ०.०३ अंश सेल्सिअसच्या आसपास. गीझरची काही बचत होत नाही यातून.

नळाच्या तोंडाशी तर आणखी मजा. बाहेर पडलेल्या धारेत प्रेशर नसतंच. म्हणजे आजूबाजूच्या हवेइतकंच असतं, गेजच्या भाषेत शून्य. आपण हात धरून "काय प्रेशर आहे" म्हणतो तो तिचा वेग असतो. टाकीतून नळापर्यंत वाटेत काहीच खर्च झालं नसतं तर बारा मीटर उंचीचं पाणी सेकंदाला पंधरा मीटरने बाहेर आलं असतं, ताशी ५५ किलोमीटर, हात भाजल्यासारखा झाला असता. टॉरिचेल्लीने १६४० च्या दशकातच हे गणित सांगितलंय. प्रत्यक्षात साधारण एक चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नळातून मिनिटाला बारा लिटर पाणी येतं तेव्हा धारेचा वेग असतो सेकंदाला दोन मीटर, म्हणजे बारा मीटरपैकी वीस सेंटिमीटर वेग होऊन आपल्या हातावर पडले आणि उरलेले पावणेबारा मीटर पाईपात, एल्बोत म्हणजे वळणाच्या जोडात, कॉकच्या पोटात, जाळीत संपले. हे कळल्यावर मी काही दिवस प्रत्येक नळाकडे जरा संशयानेच बघत होते.

लहानपणी झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे असायचं आणि त्यातला पाणी घालण्याचा भाग सोडून बाकी सगळं आवडायचं. पाईप उन्हात तापलेला असायचा, आधी कोमट, रबराचा वास येणारं पाणी यायचं, मग गार. आणि तोंडाशी अंगठा दाबला की ती मरगळलेली धार एकदम फणा काढून लांबच्या कुंडीपर्यंत जायची, अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी चुळचुळत पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, अंगठ्याचं कातडं पांढरं पडायचं. मोठ्यांनी याचं कारण सांगितलं होतं की जागा कमी झाली म्हणून वेग वाढला, तेवढंच पाणी लहान भोकातून जायचं तर त्याला पळावं लागणार. पटलं होतं. पण तेवढंच पाणी जात नाही! बादली लावून बघा, अंगठा दाबल्यावर बादली भरायला जास्त वेळ लागतो. पाणी कमी येतं. आणि पाणी कमी आलं म्हणूनच धार लांब जाते, कारण पाईपमधून कमी पाणी चाललं की वाटेतलं घर्षण झपाट्याने उतरतं, ती कललेली रेघ परत आडवी व्हायला लागते, आणि जे प्रेशर वीस मीटरच्या पाईपमध्ये वाया जात होतं ते शिल्लक राहून थेट अंगठ्यापर्यंत पोचतं आणि तिथे त्याचा वेग होतो. अंगठा प्रेशर तयार करत नाही, वाटेतली उधळपट्टी थांबवतो. याचा पुरावा पाहिजे असेल तर मोठ्या पिंपाच्या बुडाशी एक भोक पाडा आणि ते बोटाने अर्धं झाका. धार बारीक होते, लांब जात नाही. कारण तिथे पाईपच नाही, वाचवायला काही नाहीच.

याच कारणाने कमी पाण्याचा शॉवर कधीकधी जास्त पाण्याच्या शॉवरपेक्षा अंगाला जास्त जोरात लागतो. भलामोठा ताटाएवढा शॉवर लावून मग प्रेशर नाही म्हणून हळहळणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

तर माझ्या शॉवरचं काय झालं. आधीच्या लोखंडी, म्हणजे जीआय लाईनवर हाच शॉवर बरा चालायचा. बाथरूम नवीन केलं तेव्हा ती काढून सगळीकडे सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकची लाईन टाकली, अर्धा इंचीच्या जागी अर्धा इंची, कोणाला काही वावगं वाटलं नाही. पण अर्धा इंची हे नुसतं नाव आहे. अर्धा इंची जीआयचा आतला व्यास सोळा मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि घरात सर्रास वापरतात त्या अर्धा इंची सीपीव्हीसीचा साडेबाराच्या आसपास. साडेतीन मिलिमीटरचा फरक, नखाने दाखवायला गेलं तरी दिसणार नाही धड. मात्र तेवढंच पाणी न्यायचं असेल तर घर्षणाचा तोटा व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने वाढतो. व्यास अर्धा केला की तोटा दुप्पट नाही, चौपट नाही, बत्तीसपट. सोळाचा साडेबारा केला तर साडेतीनपटीच्या जवळ, आणि प्लॅस्टिक गुळगुळीत असतं त्याचा फायदा वजा केला तरी दुपटीहून जास्तच. मिनिटाला बारा लिटरला त्या बारीक पाईपमध्ये मीटरमागे साधारण २८-२९ सेंटिमीटर जातात. टाकीपासून बाथरूमपर्यंत वीसेक मीटर लाईन, त्यात एल्बोच एल्बो, प्रत्येक एल्बो म्हणजे पाईपच्या तीस व्यासांएवढी जास्तीची लांबी धरायची, वर दोन व्हॉल्व्ह. झाले सात मीटर. गेलेलं प्रेशर सापडलं एकदाचं, भिंतीच्या आत टाईलखाली बसलं होतं.

उपाय म्हणजे बाथरूमच्या दारापर्यंत पाऊण इंची लाईन बाहेरून आणली आणि फक्त शेवटचे तुकडे अर्धा इंची ठेवले. पाऊण इंचीत तोच तोटा पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. बाहेरून पाईप दिसतो, घरी आलेले लोक हे काय म्हणून विचारतात, पण शाम्पू निघतो. काम दुसऱ्याच प्लंबरने केलं. त्याला मी पाचवा घात वगैरे सांगायला गेले तर तो म्हणाला, "मेन लाईन मोठी ठेवायची आणि फाटे बारीक काढायचे, आमच्यात पहिल्यापासून असंच आहे." बरोबर आहे. आँरी दार्सी नावाच्या इंजिनिअरला हे जाडजूड आकडेमोडीने सिद्ध करायला लागलं. त्याने फ्रान्समधल्या दिजाँ शहराला १८४० मध्ये बारा किलोमीटरवरच्या झऱ्यातून, एकही पंप न लावता, निव्वळ उतारावर पाणी आणून दिलं, आणि पुढे वेगवेगळ्या पाईपांवर प्रयोग करून १८५७ मध्ये छापलं की पाईप कशाचा आहे, आतून किती खरबरीत झालाय यानेसुद्धा तोटा बदलतो. जुन्या लोखंडी पाईपचा कापलेला तुकडा ज्याने बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको, आत तांबूस फोडी फोडी आलेल्या असतात आणि मधून कसाबसा पेन्सिल जाईल एवढा बोगदा राहिलेला असतो. आणि त्या पाईपलाही बंद नळावर गेज लावलं तर काटा फुलच दाखवतो.

अंघोळीला उभं राहिल्यावर कोणी फ्लश केला की शॉवर एकदम चटका देतो, तेही हेच. फ्लशची टाकी गार लाईनवर, तिने पाणी ओढलं की दोघांच्या सामायिक तुकड्यात वाहणारं पाणी वाढतं, तिथला तोटा वाढतो, शॉवरला गार पाणी कमी पोचतं आणि गरम लाईनला काहीच झालेलं नसतं.

पण यापेक्षा विचित्र गोष्ट वरच्या मजल्यावर होते. टाकीच्या लगेच खाली असलेल्या मजल्यावर उंची जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे प्रेशर आधीच तुटपुंजं. आता खालच्या मजल्यावर कोणी दोन नळ पूर्ण सोडले की त्या सामायिक उभ्या पाईपमध्ये पाणी सुसाट खाली जायला लागतं, रेघ कलते, आणि वरच्या मजल्यापाशी ती इतकी उतरते की पाईपच्याच खाली जाते. रेघ पाईपच्या खाली गेली म्हणजे पाईपच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. तेव्हा वरचा नळ उघडला तर पाणी यायच्या ऐवजी तो हवा आत ओढतो. घर्र घर्र असा खोकल्यासारखा आवाज येतो, तोंडाशी बोट धरलं तर हलकेच आत खेचलं जातं, कातडीला ती ओढ कळते. मी पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा खरं सांगायचं तर अंगावर काटा आला होता, नळाने आपल्याला ओढावं हे काहीतरी उलटंच. टाकीतून निघणाऱ्या पाईपला वर एक उघडी हवेची नळी ठेवलेली असते, ती बऱ्याच अंशी यासाठीच, की ओढ बसली तर तिथून हवा घेईल आणि नळाकडे जाणार नाही. बरेच जण ती शोभेची समजून कापतात किंवा तिच्यात कचरा जातो म्हणून तोंड बंद करून टाकतात.

आणि हवा ओढली गेली तर एक वेळ ठीक आहे. त्या नळाला लावलेल्या पाईपचं टोक घाण पाण्याच्या बादलीत बुडलेलं असेल तर? शिकागोला १९३३ मध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं तेव्हा दोन हॉटेलांमधल्या सदोष पाईपजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि अमीबाच्या आमांशाने ९८ माणसं गेली. त्यानंतर अशा उलट्या ओढीकडे लोक गांभीर्याने बघायला लागले. नळाचं तोंड बेसिनच्या काठापेक्षा वर ठेवतात, मध्ये मोकळी हवेची जागा सोडतात, ती डिझाईनची हौस म्हणून नाही. रस्त्याखालच्या मेन लाईनला थेट पंप लावून पाणी ओढणाऱ्यांचा मला राग येतो तोही यामुळेच. शेजाऱ्याचं पाणी कमी होतं हा एक भाग, पण मेन लाईनमध्ये ओढ बसली की तिच्या फटींमधून आजूबाजूच्या जमिनीतलं काय काय आत येत असेल, कल्पना करवत नाही.

पंपावरून आठवलं. प्रेशर नाही म्हटलं की आता पहिला सल्ला बूस्टर पंप लाव हाच असतो. त्याच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात, कमाल हेड, म्हणजे किती उंचीएवढं प्रेशर, आणि कमाल डिस्चार्ज, म्हणजे किती पाणी, आणि वाचणाऱ्याला वाटतं हा पंप एवढं पाणी एवढ्या जोराने देणार. ते दोन्ही आकडे एका वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल हेड हे बाहेरचा नळ बंद असतानाचं, पाणी शून्य. कमाल डिस्चार्ज हे समोर काही अडवणूकच नसतानाचं, प्रेशर शून्य. खरं आयुष्य या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. आणि पाईप बारीकच ठेवून पंपाने दुप्पट पाणी ढकलायचं म्हटलं तर जवळपास चौपट प्रेशर पाहिजे, म्हणजे वीज जाळून भिंतीतला पाईप घुसळत बसायचं. जिथे उंचीच नाही तिथे पंप लावा, त्याला इलाज नाही. जिथे उंची आहे आणि काटा नळ सोडल्यावर पडतोय तिथे आधी पाईप बघा, जाळ्या काढून धुवा, व्हॉल्व्ह खरंच पूर्ण उघडतोय का बघा, गेट व्हॉल्व्हची आतली पाटी तुटून खाली पडलेली असते आणि वरचं चाक मस्त फिरत राहतं.

इतका वेळ मी म्हणत होते की वेग म्हणजे किरकोळ खर्च, सेकंदाला एक मीटर वेगाची किंमत पाच सेंटिमीटर. ही किंमत पाणी सावकाश थांबवलं तर. तेच पाणी झटक्यात थांबवलं तर गोष्ट पार बदलते. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह खटकन बंद होतो आणि भिंतीतून ठाप्प असा आवाज येतो, क्लँप सैल असतील तर पाईप भिंतीवर आपटतो, तो वॉटर हॅमर. मागून येणारं सगळं पाणी, पाईपच्या लांबीएवढा पाण्याचा दांडा, बंद दारावर येऊन धडकलेला असतो. निकोलाय झुकोव्हस्कीने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाईपांवर १८९७-९८ मध्ये हे मोजलं आणि गणित बसवलं. धक्क्याची लाट धातूच्या पाईपमधून सेकंदाला हजार-बाराशे मीटरच्या पुढे पळते, आणि एक मीटर वेगाचं पाणी एकदम अडवलं तर प्रेशर बारा किलोच्या घरात वाढू शकतं. बारा किलो म्हणजे १२० मीटर उंची. तोच एक मीटर वेग. घरात सहसा एवढं होत नाही, कारण लाट टाकीपर्यंत जाऊन परत यायला सेकंदाचा अगदी लहानसा अंश लागतो आणि आपला हात त्यापेक्षा कितीतरी हळू फिरतो, प्लॅस्टिकचा पाईप थोडा फुगूनही घेतो. पण पाव फेऱ्यातच बंद होणारे हल्लीचे नळ आणि मशीनचे व्हॉल्व्ह बघता सांध्यांमधून नंतर कधीतरी टिपूस यायला लागतो त्याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

आणि जोसेफ माँगोल्फिए, गरम हवेच्या फुग्यावाल्या दोन भावांमधला, त्याने १७९६ मध्ये या ठाप्प आवाजालाच कामाला लावलं. उतारावरून येणारं पाणी एका झडपेतून वाहू द्यायचं, वेग वाढला की ती झडप आपोआप आपटून बंद होते, प्रेशर उसळतं, त्या उसळीने दुसरी झडप उघडून थोडं पाणी वरच्या पाईपात शिरतं, मग प्रेशर ओसरतं, पहिली झडप पुन्हा उघडते, ठक, ठक, ठक, दिवसरात्र. वीज नाही, डिझेल नाही. हायड्रॉलिक रॅम म्हणतात त्याला आणि मी त्याचे इतके व्हिडिओ बघितलेत की घरचे आता विचारतही नाहीत काय बघतेस. यात दहापट उंच पाणी चढवायचं असेल तर दहाव्या हिश्श्याहून कमीच पाणी वर पोचतं, उरलेलं पहिल्या झडपेतून सांडून जातं, त्याच्याच पडण्याच्या जिवावर वरचं चढलेलं असतं. व्हिडिओवाले फुकटचा पंप म्हणून वरची धार दाखवतात आणि खाली सांडणारा तो लोट शक्यतो कॅमेऱ्याबाहेर ठेवतात.